तीनपैकी एकावर फुली

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘जगायचं कशासाठी तेच कळत नाही, बाकी सगळ्यांना कळलंय,’ असं लिहिलंयस. त्यातला दुसरा भाग आधी खोड. बाकीच्यांना फक्त पुढच्या परीक्षेची तारीख कळलेली असते.

विद्यार्थिनी असताना एका तासाला आमच्याकडून मानसशास्त्रज्ञ लेनर्ड गॉर्डन यांची चाचणी सोडवून घेतली होती, १९६०ची. माणसामाणसांतल्या नात्यांत तुम्हाला काय मोलाचं वाटतं, हे ती बघते. आधार, चाकोरी पाळणं, मान्यता, स्वातंत्र्य, परोपकार, नेतृत्व ही सहा मूल्यं. तीन-तीन विधानांचे तीस गट. प्रत्येक गटात एक सर्वांत महत्त्वाचं, एक सर्वांत कमी महत्त्वाचं. सगळ्यालाच ‘हो’ म्हणायची सोय नाही, खरी गोम तिथेच. खोडरबर झिजवून मी परोपकारात भरघोस गुण मिळवले.

त्याच आठवड्यात खोलीतली मैत्रीण तापाने फणफणली होती. दुसऱ्या दिवशी माझं सादरीकरण. कागदातून मान वर न काढता मी म्हणाले, ‘गोळी घे ना.’ ती उठली, भिंतीला धरत गेली, पाणी प्यायली. पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज अजून कानात आहे. सादरीकरणाला गुण किती पडले ते मात्र आठवत नाही. पुढे वीसेक वर्षांनी मी विषय काढला, तर तिला काही आठवेचना.

मान्यता हवीशी वाटणं हा गुन्हा नव्हे. आपण परोपकारी आहोत या समजुतीत राहून मान्यता निवडत जाणं मात्र महागात पडतं.

प्रयोजन मोजायचीही चाचणी आहे, क्रम्बॉ आणि मॅहोलिक यांची, १९६४ची, वीस विधानांची. हवी तर सोडव. पण त्याआधी पंधरा दिवस रोज रात्री एक ओळ लिही: आज कोणासाठी काय बाजूला ठेवलं? काय काय केलं त्याची यादी नको, याद्या करण्यात तू पटाईत आहेसच. एखाद्या दिवशी ओळ कोरी राहिली तर राहू दे, खोटी भरू नकोस.

आणि प्रकल्पात काम न करणाऱ्या त्या मुलाचं नाव प्रकल्पातून गाळू का, असंही विचारलंयस. जरूर गाळ, पण आधी त्याच्याजवळ बसून काय चाललंय ते विचार. तू विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

वही मला दाखवायची नाही. त्याच्याशी बोलणं झालं की फोन कर.

तुझी,
ताई