आधी मागची लेन्स बघा, मग पुढची काच घ्या

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा फुलांचा हंगाम जवळ आला की मॅक्रोबद्दलचे, म्हणजे छोट्या गोष्टी अगदी मोठ्या करून टिपण्याबद्दलचे, प्रश्न वाढतात. यंदा त्यातले बरेचसे लेन्सच्या पुढे आट्यांवर फिरवून बसवायच्या क्लोज-अप काचेबद्दल आहेत. मॅक्रो लेन्सच्या मानाने ही काच खूपच स्वस्त पडते, म्हणून ती लगेच घेतली जाते. पण ती कोणत्या लेन्सवर चढवायची, याचा विचार फार थोडे जण करतात. आजची बहुतेक उत्तरं त्याभोवतीच फिरणार आहेत.

सर, माझ्याकडे १८-५५ ची किट लेन्स आहे. +१, +२, +४ आणि +१० अशा चार काचांचा संच स्वस्तात मिळतोय. घेऊ का? (विद्यार्थी, सातारा)

थोडं थांब. काचेवरचा आकडा डायॉप्टरचा, म्हणजे तिच्या ताकदीचा असतो. १००० ला त्याने भागलं की काचेची फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे +४ ची २५० मिमी, +१० ची १०० मिमी. मागची, म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स अनंतावर फोकस केलेली असेल, तर वस्तू काचेपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसते, मग मागे कोणतीही लेन्स असो. सेन्सरवर वस्तूची प्रतिमा मूळ आकाराच्या किती पट पडणार हे मात्र मागच्या लेन्सवर ठरतं. तिची फोकल लेंथ भागिले काचेची फोकल लेंथ, एवढा साधा हिशोब आहे.

आता तुझी लेन्स ५५ वर ठेव आणि पुढे +४ लाव. ५५ भागिले २५०, म्हणजे ०.२२ पट. एवढं तर बहुतेक किट लेन्स काच न लावताही जवळ जाऊन दाखवतात. +१० लावलीस तर ०.५५ पट मिळेल, पण फुलापासून जेमतेम १० सेंटिमीटरवर जावं लागेल. तिथे तुझीच सावली पडणार आणि किडा उडून जाणार. याउलट एखाद्या मित्राकडे ५५-२५० असेल, तर ती २५० वर ठेवून पुढे नुसती +२ लाव. अर्धी पट मिळते, तीही अर्ध्या मीटरवरून! मोठेपणा जवळपास तेवढाच, अंतर पाचपट. म्हणून आधी लांब लेन्सची सोय बघ. संचातल्या +१० ला तर हातच लावू नकोस, त्या काचेतून कडा धुरकट येतात.

एकाच ताकदीच्या दोन काचांच्या किमतीत एवढा फरक कसा? (शिक्षिका, वाई)

स्वस्त काच म्हणजे एकच भिंग. वेगवेगळे रंग त्यातून कमी-जास्त वाकतात, त्यामुळे फोटोत काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी किंवा हिरवी किनार उमटते. महागड्या काचेत दोन वेगळ्या प्रकारच्या काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. एकीचा रंगदोष दुसरी बराचसा काढून टाकते. तिला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. कॅननची ५००डी (+२) आणि २५०डी (+४) या त्याच जातीच्या, आणि आटे जुळले तर त्या कुठल्याही कंपनीच्या लेन्सवर चालतात. रेनॉक्सच्या डीसीआर-१५० ची ताकद +४.८ आणि डीसीआर-२५० ची +८. त्या चिमट्याच्या अडॅप्टरने बसतात.

तुमच्याकडची काच कशी आहे ते घरीच तपासता येईल. पंचांगाचं एक पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि एक फोटो एफ/५.६ वर (छिद्र मोठं), दुसरा एफ/११ वर (छिद्र लहान) घ्या. मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं मोठी करून बघा. एफ/११ वर अक्षरं बऱ्यापैकी सावरली असतील तर ती काच छिद्र लहान ठेवून खुशाल वापरा, नवीन घेण्याची घाई नको. तिथेही जांभळी किनार ठळक दिसत असेल, तर मात्र पैसे साठवून अ‍ॅक्रोमॅट घ्या. सॉफ्टवेअरमध्ये किनार पुसता येते, पण गेलेला तपशील परत येत नाही.

कासला दवबिंदू वनस्पतीचा फोटो काढायचा आहे. ७०-३०० लेन्स आणि +२ ची काच आहे. जमेल ना? मागच्या वर्षी सगळे फोटो हलले. (बँक कर्मचारी, सातारा)

जमेल, आणि कासला जावं तर याच जोडीने. दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा बर्मानी, ही जमिनीला चिकटलेली लालसर चकती असते, दोन-तीन सेंटिमीटरची. तुमचा सेन्सर एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) असेल तर २५० मिमीच्या आसपास अर्धी पट मिळते आणि चौकटीत साधारण साडेचार-पाच सेंटिमीटरची रुंदी मावते. म्हणजे अख्खी चकती, भोवतीच्या थोड्या ओल्या जांभ्यासकट. ३०० वर ०.६ पट. चिकट थेंब मिरवणारे केस त्यातही सुटे दिसतात, आणि तुम्ही अर्धा मीटर लांब असता.

हे अंतर मला फार मोलाचं वाटतं. कासच्या पठारावर जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी बोटभर उंचीची झाडं दाटीने उगवतात. २०१२ साली पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यातल्या ३९ ठिकाणांत कास आहे. असं असूनही एका फुलाच्या फोटोसाठी शंभर रोपांवर आडवे होणारे लोक दरवर्षी दिसतात, आणि ते बघून जीव तुटतो. वाटेवरच बसा, वाटेच्या कडेला जे उगवलंय तेच टिपा. लांब लेन्स आणि सौम्य काच असली की तेवढं पुरतं.

आता हलण्याबद्दल. अर्ध्या पटीला एफ/८ वर पुढे-मागे मिळून जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. तुम्ही श्वास घेतला तरी तो सरकतो. ऑटोफोकस बंद करा, फोकसची रिंग एका जागी सोडून द्या आणि पूर्ण कॅमेराच केसभर पुढे-मागे न्या. मधला क्षण सापडावा म्हणून सलग पाच-सहा फोटो घ्या. कोपर गुडघ्यावर टेकवा किंवा तांदळाची छोटी पिशवी लेन्सखाली ठेवा. शटर १/२५० च्या खाली नको, त्यासाठी आयएसओ ८००-१६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. वाऱ्याच्या बाजूला सोबत्याला छत्री धरायला सांगा, पावसापासूनही बचाव होतो. थेट फ्लॅश टाळा, प्रत्येक थेंबावर पांढरा ठिपका येतो. ढगाळ उजेडात थेंब जास्त खरे दिसतात. आणि एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका. कासच्या दमट हवेत काचेवर लगेच वाफ धरते, आणि काच लेन्सवर चढवलेली असेल तर ती दोन्हींच्या मध्येही धरते.

द्राक्षाच्या पानांचे फोटो सल्लागाराला पाठवतो, पण त्यांना फुलकिडे ओळखू येत नाहीत. जुना कॅमेरा आणि ५५-२०० लेन्स आहे. (बागायतदार, तासगाव)

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, त्यामुळे इथे +२ ने भागणार नाही. २०० मिमीवर +४ लावली तर ०.८ पट, +८ लावली तर १.६ पट. तुमचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी असेल तर एका पटीला मिलिमीटरमागे सुमारे अडीचशे पिक्सेल पडतात, आणि किडा ओळखायला तेवढे पुरतात. म्हणून +४ अ‍ॅक्रोमॅटपासून सुरुवात करा. +८ ने पान १२ सेंटिमीटरवर येतं आणि स्पष्ट पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उरतो. वेलीवर, वाऱ्यात ते जवळजवळ अशक्य आहे. पान तोडून सावलीत टेबलावर सपाट ठेवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, एफ/११ लावा.

द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) या बुरशीच्या रोगासाठी मात्र एवढं मोठं करायची गरज नाही. त्याच पानाचे दोन फोटो पाठवा: वरचा तेलकट डाग उजेडाकडे धरून, आणि त्याच जागी खालच्या बाजूची पांढरी बुरशी. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या की सल्लागाराची भुरी (दुसरा बुरशीचा रोग) आणि डाऊनी यांत गल्लत होणार नाही.

लग्नात अंगठी, नथ, मंगळसूत्राच्या वाट्या टिपायच्या असतात. एक्स्टेन्शन ट्यूब घेऊ की क्लोज-अप काच? ७०-२०० वापरतो. (स्टुडिओमालक, सांगली)

काच घ्या. ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, आणि तिचा हिशोब उलटा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ. २५ मिमीची ट्यूब ५० च्या लेन्सला अर्धी पट वाढवून देते, पण २०० च्या लेन्सला फक्त ०.१२. शिवाय ट्यूबने उजेड घटतो, काचेने जवळपास घटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूबसाठी लेन्स काढावी लागते. मांडवात अक्षता आणि हळद उडत असताना सेन्सर उघडा टाकू नका. तुमच्या लेन्सचे आटे ७७ मिमी व्यासाचे असतील तर त्याच मापाची +२ खिशात ठेवा, नथीसाठी चढवा, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत उतरवा. ती लावलेली असताना लांबचं काहीही फोकस होत नाही, हे मदतनीसालाही सांगून ठेवा.

लेन्सचे आटे ५८ मिमीचे आणि काच ६७ मिमीची आहे. चालेल? (कराड)

चालेल. ५८-६७ ची स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान आट्यांवर मोठी काच बसवणारी कडी घ्या. पितळी मिळाली तर उत्तम, अ‍ॅल्युमिनियमची घट्ट बसून अडकते. अडकलीच तर रबरबँड गुंडाळून कडेने हलकेच फिरवा. बोटांनी दाबून धरलंत तर रिंग किंचित चेपते आणि आणखी आवळते. दोन काचा एकावर एक लावणार असाल तर जास्त ताकदीची लेन्सच्या बाजूला ठेवा.