एन्सोनिक एएसआर-१०: फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडली, आता कीबोर्ड सुरू कसा करायचा?

प्रश्न ड्राइव्हचा असला तरी मूळ अडचण वेगळी आहे: या संगीताच्या कीबोर्डची (सॅम्पलर, म्हणजे आवाज साठवून वाजवणारा) ऑपरेटिंग सिस्टीम आत कायम साठवलेली नसते, दर वेळी डिस्कवरून रॅममध्ये चढते. त्यामुळे ड्राइव्ह गेली की चांगला कीबोर्डही मुका.

माझं मत, आधी गोटेक बसवा. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालवणारा हा डबा आहे. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (डबा चालवणारा आतला प्रोग्रॅम) टाका, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि एफएफ.सीएफजी (FF.CFG) या सेटिंगच्या फाइलमध्ये होस्ट म्हणून एन्सोनिक लिहा (host = ensoniq). इमेजचा, म्हणजे फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेल्या फाइलचा, आकार नक्की बघा. एन्सोनिकच्या डबल डेन्सिटी डिस्कवर प्रत्येक ट्रॅकला १० सेक्टर असतात, पीसीच्या ७२० केबी डिस्कवर ९. म्हणून बरोबर इमेज ८,१९,२०० बाइटची; हाय डेन्सिटीची तिच्या दुप्पट. बहुतेक जण इथेच अडकतात, आणि चांगल्या गोटेकला नावं ठेवतात.

स्कझी (SCSI, बाहेरची ड्राइव्ह जोडायचं जुनं पोर्ट) असेल तर झुलूस्कझी किंवा ब्लूस्कझी या मेमरी कार्डावर चालणाऱ्या ड्राइव्हसुद्धा छान. गोटेकवरून एकदा चालू करून सिस्टीम त्या ड्राइव्हवर कॉपी करा. ड्राइव्हला कीबोर्डचाच स्कझी आयडी (ओळख क्रमांक) देऊ नका.

जुन्या फ्लॉपींच्या इमेज मात्र आजच काढून ठेवा, त्यातले आवाज परत मिळत नाहीत.