आजच्या तुर्कस्तानात केल्टिक लोक (युरोपातल्या प्राचीन टोळ्या) कसे पोहोचले?

चालत, लुटत आणि शेवटी चक्क आमंत्रणावरून. इ.स.पू. २७९ मध्ये केल्टिक टोळ्या बाल्कनमधून ग्रीसमध्ये घुसल्या. ब्रेनस या त्यांच्या सरदाराच्या हाताखालच्या फौजेने डेल्फी या ग्रीकांच्या पवित्र स्थानावर चाल केली आणि मार खाल्ला. त्याआधीच लिओनोरियस आणि लुटारियस या म्होरक्यांच्या मागून एक जमाव वेगळा होऊन पूर्वेकडे निघाला होता. रोमन इतिहासकार लिव्ही आकडा देतो २० हजारांचा. त्यातले हत्यारबंद जेमतेम १० हजार. म्हणजे बाकी बायकामुलं आणि म्हातारी माणसं असणार. लुटीसाठी निघालेलं सैन्य असं कुटुंबकबिला घेऊन फिरत नाही. त्यांना जमीन हवी होती, असं माझं मत.

आजच्या तुर्कस्तानाच्या वायव्येकडच्या बिथिनियाचा राजा निकोमिडीस भावाशी भांडत होता. त्याने २७८ मध्ये यांना भाडोत्री सैनिक म्हणून आशियात उतरवलं. त्याचं काम झालं, पण पाहुणे हटेनात! सेल्युसिड राजा अँटिओकस पहिल्याने हत्ती पुढे घालून त्यांना हरवलं, तरी खंडणीचा धंदा चालूच. पुढे पश्चिम तुर्कस्तानातल्या पर्गमॉनचा राजा अटॅलस पहिल्याने खंडणी नाकारली आणि त्यांना हरवलं. त्या विजयाच्या शिल्पांपैकी ‘मरणारा गॉल’ची (गॉल म्हणजे केल्टच) रोमन प्रतिकृती रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे.

टोलिस्टोबोगी, ट्रोक्मी आणि टेक्टोसेज या तीन टोळ्या मध्य अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या मधल्या भागात, स्थिरावल्या. त्या मुलखाला गॅलेशिया म्हणत. टेक्टोसेजांचं ठाणं अँकिरा, म्हणजे आजचं अंकारा. इ.स.पू. २५ मध्ये ऑगस्टसने गॅलेशिया हा रोमन प्रांत केला. बायबलमधलं पौलाचं पत्र याच गॅलेशियातल्या मंडळींना आहे.