"मॅडम, प्यायलेलं सगळंच काढतोय, पोटात काही राहतंय की नाही?"

पहाटे सव्वातीनला व्हॉट्सॲपवर फोटो आला. बादलीत नऊ दुपटी, सगळी ओली. खाली एवढंच, "मॅडम, प्यायलेलं सगळंच काढतोय, पोटात काही राहतंय की नाही? ॲसिडिटी आहे का त्याला?" बाळ 23 दिवसांचं, पहिलं बाळंतपण, माहेरी कराडला आलेली, नवरा पुण्याला नोकरीला आणि शनिवार-रविवारीच येणार. नाव-गाव थोडं बदलून लिहितेय, तिची परवानगी घेऊन.

मी स्तनपान समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतोच.

पूर्वी मी अशा मेसेजला लगेच लिहायचे, "अगं नॉर्मल आहे, सगळी बाळं काढतात." एकदा असंच फोनवर सांगून मोकळी झाले आणि ते बाळ पाच आठवड्यांचं होतं, पहिला मुलगा, उलटी कडेला ओघळायची नाही, लांब उडायची आणि उलटी झाली की लगेच परत भुकेला. वजन थांबलं होतं आणि मी विचारलंच नव्हतं. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद झाली होती, सोनोग्राफीत कळलं, छोटं ऑपरेशन झालं, बाळ ठणठणीत आहे. पण तेव्हापासून मी चार गोष्टी विचारल्याशिवाय "नॉर्मल" हा शब्द तोंडातून काढत नाही. रंग कसा, जोर किती, वजन किती, सू किती वेळा.

तिला पण तेच विचारलं. रंग पांढरा, कधी दह्यासारखं फाटलेलं. जोर नाही, ढेकरेबरोबर किंवा आडवं केलं की ओघळतं. सू दिवसात सात-आठ वेळा. ताप नाही. हिरवी उलटी झाली असती तर मी म्हटलं असतं सकाळची पण वाट बघू नको, आत्ता गाडी काढा, कारण हिरवं म्हणजे पित्त, म्हणजे आतडं कुठेतरी अडलेलं असू शकतं. रक्त, फुगलेलं कडक पोट, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, मरगळलेलं आणि पिणं सोडलेलं बाळ, हे पण तसंच.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. सोबत माझा वजनकाटा, आणि पर्समध्ये एक स्टीलचा चहाचा चमचा असतोच.

जन्माचं वजन 2.9 किलो, डिस्चार्जला 2.7, हे पण होतंच, पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. आणि आता काटा दाखवत होता 3.6! म्हणजे वीस दिवसांत नऊशे ग्रॅम. एवढ्या बाळाने दिवसाला 20-30 ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते, हे साहेब 45 ने चालले होते. तिला म्हटलं, "बाई, सगळं काढलं असतं तर हे मांस कुठून आलं?" ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम पण एवढी दुपटी भिजतात ना."

मग चमचा काढला. पाच मिली पाणी, एक चमचा, कोरड्या दुपट्यावर ओतलं. डाग पसरत पसरत तळहातापेक्षा मोठा झाला. आजी पण वाकून बघायला लागली. दुसरा चमचा ओतल्यावर बाळाची आई स्वतःच म्हणाली, "एवढंच काढतो की तो, याच्यापेक्षा कमी." खरं सांगायचं तर पुढे मी जे काही बोलले त्यापेक्षा या दोन चमच्यांनीच जास्त काम केलं.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. बाळाने काढलं की हिला वाटायचं पोट रिकामं झालं, म्हणून परत अंगावर घ्यायची, आणि वरून कुणीतरी सांगितलं म्हणून प्रत्येक वेळी 60 मिली पावडरचं दूध. एवढ्याशा पोटात मावेल किती, उरलेलं बाहेर येणारच, बाहेर आलं की परत पाजायचं, असं ते चक्र दहा दिवस चालू होतं. बाळाच्या अन्ननलिकेच्या खालचा जो वाल्व्ह असतो ना, तो अजून सैलसर असतो, अन्न सगळं पातळ, दिवसभर आडवं पडून राहायचं, त्यात पोट गच्च भरलेलं. तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकतात, चौथ्या महिन्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप थांबतं.

पाजताना बघितलं तर अजून एक. पान्हा इतका जोरात की बाळ गटगट गिळतंय, ठसकतंय, तोंड सोडून ओरडतंय, परत पकडतंय, सोबत हवा जातेय पोटात. घरचे म्हणत होते "दूध बाधतंय." बाधत वगैरे काही नव्हतं, नळ पूर्ण सोडून त्याखाली ग्लास धरल्यासारखं झालं होतं. तिला मागे रेलून बसवलं, बाळ तिच्या पोटावर पालथं, म्हणजे त्याला दूध खालून वर ओढावं लागेल. पहिली धार दुपट्यात जाऊ दे आणि मग त्याला घे म्हटलं. मध्ये एकदा ढेकर, शेवटी एकदा, आणि नंतर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं. ढेकर नाहीच आली तर अर्धा तास पाठ बडवत बसायचं नाही.

आणि मालिश! मालिशवाली मावशी नऊला येते म्हणून पावणेनऊला पोटभर पाजून ठेवायचे, का तर रडू नये. मग मावशी त्याचे गुडघे पोटाशी दाबणार, पालथं घालणार, उलटं धरून पाणी घालणार. आपल्याला जेवण झाल्या झाल्या कुणी असं केलं तर? वेळ बदलली, आधी मालिश-अंघोळ मग दूध, तर सकाळची मोठी उलटी दोन दिवसांत बंद. लंगोट पण पोटावर घट्ट आवळलेला होता तो सैल केला.

आजींशी मात्र जरा ताणलं. त्या गुटीत मध घालून चाटवत होत्या. म्हटलं काकू, वर्षाच्या आत मध नाहीच, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. "आमची चार मुलं गुटीवरच वाढली" हे ऐकलं, ऐकायचं असतंच. मध बंद झाला. गुटीचं त्या बघू म्हणाल्या, म्हणजे मी गेल्यावर चालू असणार.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आडवं केलं की काढतो म्हणून ही रात्रभर सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. सोफ्यावर बाळ घेऊन डोळा लागणं हे उलटीपेक्षा कितीतरी धोक्याचं, बाळ फटीत सरकतं, नाक दाबलं जातं. आणि पाळण्यात मोहरीची उशी होतीच. ती काढली. उताणंच, सपाट जागेवर, उशी-लोड काही नको. "ठसका लागला तर?" हा प्रश्न येतोच. उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासात जाणं उलट अवघड असतं. रात्री एक ते चार आजींची पाळी ठरली, तेवढे तीन तास सलग झोपली आणि चौथ्या दिवशी मेसेजची भाषाच बदलली.

डॉक्टरांनी आधी उलटीचे आणि ॲसिडिटीचे असे दोन थेंब दिले होते. ते मी बंद कर म्हटलं नाही, तो माझा अधिकार नाही. वजनाचा कागद आणि उलटीचा व्हिडिओ घेऊन परत बालरोगतज्ज्ञांकडे जा म्हटलं. वजन बघून त्यांनीच दोन्ही बंद केले. ॲसिडिटीच्या औषधाने आम्ल कमी होतं, दूध वर येणं थांबत नाही, आणि छान वाढणाऱ्या बाळाला ती देऊ नयेत असंच आता मार्गदर्शक सूचना पण सांगतात. ज्या बाळाचं वजन वाढत नाही, पिताना कळवळतं, रक्त येतं, त्याची गोष्ट निराळी, तिथे तपासणी हवीच.

पावडर एकदम तोडली नाही, दर चार दिवसांनी वजन करत कमी केली. दहा-बारा दिवसांत बंद. बाळ आता अडीच महिन्यांचं आहे आणि अजून दूध टाकतं हो, दिवसातून चार-पाच वेळा आरामात. दुपटी धुवायचं काम संपलेलं नाही.

परवा परत मेसेज आला. उलटीचा नाही.

"मॅडम, चार दिवस झाले, शी केली नाही त्याने."

फक्त अंगावरच पितोय ना, विचारलं. हो म्हणाली. पोट मऊ आहे? हो. पादतोय?

"खूप मॅडम."

झोप मग, म्हटलं.