मंडळी गायली का?

प्रिय बाळ,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाळकसाहेब म्हणतात बायबल कॉलेजला जा, उपासनेत पेटी वाजवणं हेच तुझं पाचारण, देवाचं बोलावणं; घरचे म्हणतात आधी डिप्लोमा पुरा कर, आणि तुला स्वतःला काहीच ऐकू येत नाही म्हणून तू रात्र रात्र प्रार्थनेत आवाजाची वाट बघतेस. प्रार्थना सोडू नकोस. पण रविवारी चर्चमध्ये पेटीवर (हार्मोनियमवर) बसलीस की कान मागच्या बाकांकडे, उपासनेला जमलेल्या मंडळीकडे लाव. मंडळी गायली का? एवढंच ऐक.

पत्रात तुझ्या हाताबद्दल पानभर मजकूर आहे आणि मंडळीबद्दल एकच ओळ : ‘लोक गात नाहीत, नुसते ऐकतात.’ ती तू जाता जाता लिहिलीस. मला अख्ख्या पत्रात तीच महत्त्वाची वाटली.

लोक का गात नाहीत? पहिलं कारण पट्टी, म्हणजे कुठल्या सुराला सा धरायचा ते. तुझ्या काकांनी तुला काळी 1 मध्ये, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून, शिकवलं, म्हणून तू सगळी गीतं काळी 1 मध्ये घेतेस. मंडळीत बायका वरच्या सप्तकात गातात, पुरुष खालच्या, आणि दोघांनाही आपापल्या सप्तकात पांढरी 2 च्या वर सुखाने जाता येत नाही. सकाळी नऊला तर गळे अजून उघडलेलेही नसतात. तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) जाणारं गीत काळी 1 मध्ये ठीक आहे. पण अंतऱ्यात तार गंधार (वरचा ग) असेल तर तो पांढरी 4 वर पडतो. तिथं म्हाताऱ्या बायका ओठ मिटतात, पोरं खालच्या सुरात उतरतात आणि तू एकटी गात राहतेस. तेच गीत खालच्या काळी 4 ला सा धरून घे. गंधार पांढरी 1 वर येतो आणि सगळ्यांना झेपतो.

त्याहून जरा वरची काळी 5 का नको, तर तबल्यासाठी. काळी 1 ला लावलेला तबला काळी 3 च्या गीतात पंचम (प) म्हणून चालतो आणि काळी 4 च्या गीतात मध्यम (म) म्हणून. गीतात शुद्ध मध्यम असला म्हणजे झालं. काळी 5 धरलीस तर तबलजी हातोडी घेऊन बसणार, आणि तीन पट्ट्या खाली आणायला गेला की पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून बदबद वाजणार. उपासनेच्या मध्ये ही ठोकाठोक मला सहन होत नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळीच पाळकसाहेबांकडून गीतांचे क्रमांक घे आणि वहीत प्रत्येकापुढे सर्वांत वरचा स्वर व पट्टी लिहून ठेव. चार गीतांना अर्धा तास लागतो. हा अर्धा तास तुला जड वाटत असेल, तर पाचारणाबद्दल मला पुन्हा विचारू नकोस.

दुसरं कारण तुझे मधले तुकडे. सुरुवातीला ध्रुवपदाची शेवटची ओळ एकदाच वाजव, मग एक मात्रा श्वासाला दे आणि ठामपणे उचल. दोन कडव्यांमध्ये भजनी ठेक्याचं एक आवर्तन, आठ मात्रा, बस्स. त्याहून जास्त वाजवलंस की लोकांना कुठे उचलायचं ते कळत नाही, ते तुझी वाट बघतात, आणि एकदा वाट बघायला लागले की ऐकायलाच लागतात. मला हे फार उशिरा कळलं. हात चालतो म्हणून वाजवत राहिलो आणि मंडळी गप्प होत गेली. ती वर्षं परत येणार नाहीत, म्हणून तुझ्यावर चिडतो.

भाता तालावर हापसू नकोस, डाव्या हाताने सलग आणि थोडा थोडा दे. पेटीला माइक नको. दगडी भिंतींत सूर आधीच घुमतो, त्यात पेटी मंडळीच्या वर गेली की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो थांबतो.

तुमच्याकडे कीबोर्ड आणायचं चाललंय म्हणे. माझा विरोध आहे असं लोक तुला सांगतील. विरोध वाद्याला नाही. बटण दाबून पट्टी बदलता येते, ही सोय मला मान्य आहे. पण त्यातला तयार ठेका एकदा सुरू झाला की म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासाठी थांबत नाही. थांबणारा तबलजी मला हवा. मंडळी गायली पाहिजे, मग वाजवायला काहीही आणा.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये साताऱ्याला आले आणि तिथंच त्यांनी ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्तभक्तांचं मंडळ सुरू केलं. आपल्या लोकांनी आपल्याच भाषेच्या चालीत भक्ती करावी, यासाठी त्यांनी अभंग आणि ओव्या दिल्या. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं. शेवटच्या चार अक्षरांनंतर श्वास आपोआप येतो, तो तानेनं भरून टाकू नकोस. इंग्रजी चालीवरची गीतं मात्र सरळ वाजव, त्यांना मुरकी आणि भजनी ठेका दोन्ही शोभत नाहीत.

पेटीची निगा तुझ्याकडेच राहू दे. पावसाळ्यात फरशीवर ठेवू नकोस, लाकडी स्टुलावर ठेव, नाहीतर लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. भिजलीच तर उन्हात टाकू नकोस. लाकूड तडकतं आणि कातडं सुटतं. सावलीत, उघडी करून वाळव. एखादा सूर मुका झाला तर बहुधा रीडच्या पितळी पत्तीखाली कचरा असतो. पातळ कागद हलकेच सरकवून काढ. खरवडू मात्र नकोस. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. ते काम मिरजेच्या कारागिराचं.

आता बायबल कॉलेजचं. वर्षभर थांब आणि डिप्लोमा पुरा कर. पेटी वाजवणाऱ्याला बहुतेक मंडळ्यांत मानधन नसतं, पोट भरायला दुसरं काही हातात हवं. सोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा दे, निदान मध्यमा पूर्णपर्यंत. मिरज जवळ असून आपली मुलं या परीक्षांना बसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

काकांनी तुला पेटीवर बसवलं, पाठीवर हात ठेवला, हे मोठंच आहे. पण तो हात तुझ्या बोटांसाठी होता की मंडळीसाठी, हे तू त्यांना विचारलंस का? येते चार रविवार त्यांना शेवटच्या बाकावर बसव. तू कशी वाजवलीस ते विचारू नकोस. कोण गायलं नाही, कुठल्या ओळीला थांबलं, एवढंच विचार आणि वहीत लिही. आणि संडे स्कूलमधली एखादी मुलगी आत्तापासून शेजारी बसव, पानं उलटायला.

चौथ्या रविवारी शेवटच्या कडव्याला भाता सोड. हात मांडीवर ठेव आणि ऐक. काय ऐकू आलं ते त्याच संध्याकाळी मला लिही, वहीसकट.

तुझा,
एक जुना पेटीवाला