वाचकांचे प्रश्न : लष्करी ट्रकचे ब्रेक

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेला एम-35 ए-2 ट्रक शेतकामासाठी घेतला आहे. तो अनेक वर्षे उभाच होता. इंजिन चांगले चालते. परंतु ब्रेकचे पेडल पहिल्या दाबात खोल जाते, दोन-तीनदा दाबल्यावर वर येते, आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरत राहते. बाहेरून गळती कोठेच दिसत नाही. वरचेवर ऑइल भरून ट्रक वापरला तर चालेल काय? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : चालणार नाही. या ट्रकच्या चाकांतील सहाही ब्रेक ड्रमना एकाच मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा पंप), एकाच मार्गाने ऑइल जाते. त्यामुळे एक होज पाइप फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचे (ड्रममधला, ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) सील गेले, तरी सगळे ब्रेक एकदम जातात. हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर) असून तो उभी गाडी जागेवर धरण्यापुरता आहे; रिकामा असतानाही सुमारे 6 टन भरणारा हा ट्रक उतारावर त्याच्या भरवशावर थांबवू पाहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पेडल दोन-तीन दाबांत वर येते, याचा अर्थ बहुधा ब्रेक शूचे (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचे) ॲडजस्टमेंट सैल झाले आहे किंवा पाइपात हवा शिरली आहे. पातळी उतरणे मात्र गळतीचेच लक्षण आहे. ती ड्रमच्या आत असेल तर बाहेरून दिसत नाही, म्हणून सहाही ड्रम उतरवून व्हील सिलिंडरची रबरी टोपणे उचलून पाहावीत. तेथे सारे कोरडे आढळले, तर संशय हवेच्या दाबाने ब्रेकला जोर देणाऱ्या एअरपॅकवर जातो. त्याचे सील झिजले की ऑइल हवेच्या बाजूला निसटते.

नवे ऑइल भरण्यापूर्वी आत कोणते आहे हे ठरवावे. अमेरिकी लष्कराने 1980च्या दशकात ग्लायकॉलचे ऑइल सोडून सिलिकोनचे डॉट 5 या दर्जाचे ऑइल स्वीकारले, आणि ही दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. डॉट 5चा मूळचा जांभळा रंग कालांतराने उडून ते पिवळट दिसू लागते, म्हणून रंगावर जाऊ नये; थोडे ऑइल काचेच्या बाटलीत घेऊन त्यात पाणी घालून हलवावे. ग्लायकॉल पाण्यात विरघळते, सिलिकोनचा थर वेगळा राहतो. डॉट 5.1 हे नावाने जवळचे वाटले तरी ग्लायकॉलचेच आहे, हे दुकानात विसरू नये.

चाके खोलताना आणखी एक सांभाळावे : डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे आहेत. हे ठाऊक नसलेला माणूस पान्यावर पाइप चढवून जोर लावतो आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तोडून बसतो.

प्रश्न : त्याच ट्रकमध्ये 12 व्होल्टचा रेडिओ दोनपैकी एका बॅटरीवर जोडावा काय?

उत्तर : जोडू नये. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात. त्यांतल्या एकीवरच भार टाकला की ती कमी भरते, दुसरी जास्त भरते, आणि दोन्ही लवकर निकामी होतात. 24 वरून 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्यावा.

जाता जाता : भारतीय लष्कराच्या शक्तिमान ट्रकशी या गाडीचे दूरचे नाते आहे. शक्तिमान जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तयार होत असे, आणि एम-35 ए-2च्या मल्टिफ्युएल (अनेक प्रकारच्या इंधनांवर चालणाऱ्या) इंजिनातली ज्वलनपद्धतीही मानकडूनच आलेली आहे.