तंतूच्या आत तंतू? ‘तंतुक’ आणि त्याच्या सोबतचे शब्द

अनुवाद करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: “गर्भाच्या हृदयातल्या स्नायुपेशींमध्ये आकुंचन पावणारे तंतू कसे तयार होतात, यावरचा लेख मराठीत करते आहे. मायोफायब्रिलला ‘स्नायुतंतू’ म्हणू का? आणि ‘आकुंचन’ बरं की ‘संकोचन’?”

ताई, ‘स्नायुतंतू’ म्हणू नका, ‘तंतुक’ म्हणा. स्नायुतंतू हे नाव आधीच दुसऱ्या वस्तूला दिलेलं आहे. दंडाच्या स्नायूतला एकेक तंतू म्हणजे एकेक लांबलचक पेशी. इंग्रजीतला फायबर तो हाच. मायोफायब्रिल असतात ते त्या पेशीच्या पोटात, एकेका पेशीत शेकड्यांनी. दोघांना एकच नाव दिलं की ‘तंतूमध्ये तंतू तयार होतात’ असं वाक्य हाती येतं आणि वाचणाऱ्याला कोण कोणाच्या आत आहे ते कळत नाही. हृदयात तर गोंधळ आणखी वाढतो. तिथल्या पेशी आखूड, फाटे फुटलेल्या आणि टोकाला टोक जोडलेल्या असतात, आणि त्या जोडलेल्या रांगांनाही तंतूच म्हणतात.

‘तंतुक’ मधला ‘क’ लहानपणा दाखवणारा आहे. पाणिनीने ‘अल्पे’ आणि ‘ह्रस्वे’ अशी दोन सूत्रं यासाठी दिली आहेत. लहानसा वृक्ष तो वृक्षक, तसा बारीक तंतू तो तंतुक. शब्द पुल्लिंगी चालवावा: तो तंतुक, ते तंतुक, तंतुकांची रांग. लिहिताना एक जपा. ‘तंतू’ आणि ‘स्नायू’ एकटे असताना दीर्घ, पण तंतुक, स्नायुपेशी, स्नायुतंतू यांत ‘तु’ आणि ‘यु’ ऱ्हस्व.

तंतुकाच्याही आत जे असतं त्याला मी ‘सूत्र’ म्हणेन: ॲक्टिन या प्रथिनाची पातळ सूत्रं, मायोसिन या प्रथिनाची जाड सूत्रं. म्हणजे स्नायू, तंतू, तंतुक, सूत्र अशी उतरंड झाली. सार्कोमिअर म्हणजे तंतुकातला आखडणारा एकेक छोटा घटक. त्याला मात्र सार्कोमिअरच राहू द्या. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘मांसाचा भाग’ एवढाच आहे, पण आपण ‘स्नायुखंड’ म्हटलं की डोळ्यांसमोर मांसाचा मोठा तुकडा येतो. वस्तू तर जेमतेम २ मायक्रोमीटर लांबीची! तंतुक म्हणजे अशा सार्कोमिअरांची एकापुढे एक लागलेली रांग.

आता ‘तयार होणे’. इथे मला ‘जुळणी’ हवी. छापखान्यात खिळे जुळवत त्यातली जुळणी. ते काम करणारा जुळारी. तंतुक एकसंध उगवत नाही, सुटे भाग एकेक करून जागेवर बसतात. कोंबडीच्या अंड्यात उबवणीच्या दीड दिवसाच्या सुमारास हृदयाचे ठोके सुरू होतात, माणसाच्या गर्भात चौथ्या आठवड्यात. पुढची बरीच जुळणी हृदय धडधडत असतानाच चालते. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं.

जीन आणि जोसेफ सँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशी वाढवून, १९९४ साली या जुळणीची तीन पायऱ्यांची मांडणी केली. तुमच्या लेखात ती येईलच, म्हणून नावं सुचवतो. पहिला ‘पूर्वतंतुक’. तो पेशीच्या कडेला दिसतो. त्यात अल्फा-ॲक्टिनिन या प्रथिनाचे बारीक ठिपके जवळजवळ असतात, आणि त्यांच्यामध्ये स्नायूंचं खास मायोसिन नसून इतर पेशींतही सापडणारं साधं मायोसिन असतं. मग ‘नवतंतुक’. यात स्नायूचं मायोसिन येतं, टायटिन नावाचं लांबच लांब प्रथिन येतं, आणि शेजारशेजारच्या तंतुकांतले ठिपके एका ओळीत येऊ लागतात. शेवटी ‘पक्व तंतुक’. ठिपके जुळून सरळ चकती झालेली असते, साधं मायोसिन निघून गेलेलं असतं, आणि दोन चकत्यांतलं अंतर २ मायक्रोमीटरच्या आसपास पोचलेलं असतं. आधी ठिपके, मग रेघ. ठिपक्यांची रांगोळी घालणारीला हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत या ठिपक्याला झेड-बॉडी आणि चकतीला झेड-डिस्क म्हणतात. म्हणून झेड-बॉडीला ‘झेड-ठिपका’ आणि झेड-डिस्कला ‘झेड-चकती’ म्हणावं. (यातला झेड ‘च्या मधली’ अशा अर्थाच्या जर्मन ‘त्स्विशन’वरून आला आहे, नागमोडी आकारावरून नाही.) ही मांडणी सर्वांनाच मान्य आहे असं नाही, तेव्हा लेखात ‘असे मानले जाते’ ठेवा.

‘स्नायू’ आणि ‘पेशी’ यांच्याबाबत एक सावधगिरी. हिंदीतून किंवा आयुर्वेदाच्या ग्रंथातून काही उचलणार असाल तर हे दोन्ही शब्द दगा देतात. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत, पण तिथली पेशी म्हणजे मांसाचा स्नायू आणि तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधणारा चिवट बंध. हिंदीत मांसपेशी अजूनही त्याच अर्थाने आहे, आपली पेशी तिथे ‘कोशिका’ होते. बंगालीत स्नायू म्हणजे थेट मज्जातंतू! हिंदीतली ‘हृदय की पेशी’ मराठीत ‘हृदयाची पेशी’ म्हणून आली, तर अख्ख्या स्नायूची एक पेशी होऊन जाईल.

राहिला दुसरा प्रश्न. ‘आकुंचन’च ठेवा. ‘संकोचन’ चुकीचं नाही, पण मराठी कानाला संकोच म्हटलं की भिडस्त माणूस आठवतो. आकुंचनाला जुनी शास्त्रीय बैठक आहे. वैशेषिक सूत्रांत कर्माचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत आकुंचन आणि त्याच्या उलट प्रसारण आहे. आपण ‘आकुंचन-प्रसरण’ ही जोडी आजही सहज बोलतो.

फक्त आकुंचन कोणाचं, ते नेमकं लिहा. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले, एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडेरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्हींचं सांगणं असं की सूत्रं स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. तेव्हा ‘मायोसिनची सूत्रे आकुंचन पावतात’ असं चुकूनही लिहू नका. सूत्रं सरकतात, त्यामुळे सार्कोमिअर आखूड होतो आणि तंतुक आकुंचन पावतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘गर्भाच्या हृदयातील स्नायुपेशींमध्ये आकुंचनशील तंतुकांची जुळणी कशी होते’.